वरच्या वाडीतले का?

टोपलीभर भाकऱ्या गाईपुढे ओतल्या. तांदळाच्या, आईच्या हातच्या. अजून ऊब होती त्यांना. नेपाळातलं लुंबिनी, धर्मशाळेचं आवार, सकाळची वेळ. ओतणारी आमच्याच गाडीतली, यात्रा काढणाऱ्या शेठची बायको. आई दोन पावलांवर उभी, पांढऱ्या साडीत.

शेठीण म्हणाली, "काकी, उद्यापासनं चुलीकडं येऊ नका. पाय दुखतात ना तुमचे?"

आईचे पाय दुखत नव्हते. मी तिथंच होतो.

हे आधी सांगितलं, कारण हे सगळं माझ्यामुळे झालं.

बस पोलादपूरहून निघाली होती. गाडीत बहुतेक महाड-पोलादपूर खोऱ्यातले जमीनवाले. त्यांना पशुपतिनाथ हवा होता. आईला फक्त लुंबिनी. लोकांचं भात लावून, गवत कापून तिनं या यात्रेसाठी पैसे साठवले होते. नाव नोंदवायला मी गेलो. शेठनं विचारलं, "कुठले?"

"तुडील."

"वरच्या वाडीतले का?"

वरची वाडी सवर्णांची. आमचं आडनाव दोन्हीकडे चालणारं. मी म्हणालो, "हो."

एवढंच. आम्ही बौद्धवाडीतले. दर मार्चमध्ये महाडच्या तळ्यावर पत्रकं वाटणारा मी. 'जात लपवणारा जातीचाच चाकर' असं छापणारा मी. घरी येऊन आईला बजावलं, विहारात नेसतेस ती पांढरी साडी घेऊ नकोस, गाडीत जयभीम म्हणू नकोस. तुला त्रास नको, म्हटलं. खोटं. त्रास मला नको होता.

रक्सौलवरून नेपाळात शिरलो. डोंगर कापत जाणारे रस्ते, खाली नदी, समोरून अंगावर येणारे ट्रक. आई खिडकीशी. "आपला आंबेनळी घाट म्हंजे सपाट रस्ता रे!" तिकडचं जेवण कुणाच्या घशाखाली उतरेना. पीठ गाडीत होतं, पण उकड काढून आईसारखी भाकरी कुणाला जमेना. चार दिवस अख्खी गाडी तिच्या भाकरीवर. शेठीण म्हणायची, "काकी, सूनच करून नेली असती तुम्हाला, वय आडवं आलं!" सगळे हसायचे. आईसुद्धा. मी ताटात बघत जेवायचो.

लुंबिनी शेवटी आली. शेठला गाडी लवकर हलवायची होती. "विष्णूचाच अवतार हाय. नमस्कार करा नि चला." आईनं पहाटेच थापलेल्या भाकऱ्या टोपलीत झाकल्या, धर्मशाळेच्या खोलीत गेली आणि पांढरी साडी नेसून बाहेर आली. पिशवीच्या तळाशी आणली होती, मला न सांगता. अशोकाच्या खांबापुढं तिनं गुडघे टेकले आणि मोठ्यानं त्रिशरण-पंचशील म्हटलं. एक शब्द चुकला नाही. मागं अख्खी गाडी उभी. कुणीतरी पुटपुटलं, "अगो, ही तर त्यांच्यातली!"

धर्मशाळेत परतलो तर ती गाय. ती टोपली.

"खराब झाल्या होत्या ओ," शेठीण आवारभर सांगत होती.

आई माझ्याकडे वळली. "मी कुठल्या वाडीतली हाय रे? मोठ्यानं सांग. कागदावर लिवतोस तसं."

मी बोललो. "भाकऱ्या ताज्या होत्या. आम्ही बौद्धवाडीतले. 'हो' मी म्हणालो होतो, आई नाही. गाडीतून आम्ही उतरणार नाही. चूलही सोडणार नाही."

शेठ म्हणाला, "अरे, आम्ही कुठं काय म्हटलं?"

परतीच्या पहिल्या मुक्कामात आई त्याच चुलीशी बसली. भाकऱ्या थापल्या. बाकीच्यांनी बिस्किटं खाल्ली. गाडीत कुडपणची एक म्हातारी होती, घरी गुरं राखणारी. ती आली. इकडंतिकडं बघितलं, एक भाकरी उचलून पदराखाली घेतली.

"लय गोड लागते गो तुझी भाकर."

"मग हितं बसून खा," आई म्हणाली. "पदराखाली नाय न्यायची."

म्हातारी भाकरी टोपलीत ठेवून गेली.

मला तिचा राग आला नाही. तिनं एक भाकरी लपवली. मी अख्खी आई लपवली होती.

आता पत्रक लिहितो तेव्हा पहिल्या ओळीत माझं ते 'हो' लिहितो. कुणी "कुठले?" विचारलं की सांगतो, तुडील, बौद्धवाडी. दुसरा प्रश्न विचारायची पाळीच येऊ देत नाही.