सोवळ्यातली ज्वारी

सुधीरचा फोन आला, "आत्या, आई गेली..." पुण्याहून इंदूरला पोचेपर्यंत मला वहिनींचं एकच वाक्य आठवत राहिलं. दिवाळीत भेटले तेव्हा त्या अंथरुणाला खिळलेल्या होत्या, बोलताना दम लागत होता, तरी पहिला प्रश्न तोच, "वन्सं, पोट भरलं ना बराबर?" 'जेवलात का' असं त्यांनी मला कधी विचारलं नाही. जेवणं निराळं आणि पोट भरणं निराळं, हे त्यांना माझ्यामुळे कळलं होतं.

मध्यप्रदेश नवा नवा झाला होता तेव्हाची गोष्ट. वहिनी लग्न होऊन मानपूरहून आमच्या घरी आल्या तेव्हा मी दहा-अकरा वर्षांची, हातापायांच्या काड्या आणि पोटाचा नगारा. खाल्लेलं अंगी लागत नसे. वैद्य झाले, डॉक्टर झाले, नवस झाले. "ही पोर काही हाताला लागत नाही," असं आई शेजारणीला सांगताना मी ऐकलं होतं. त्या वर्षी नवरात्रात देवीसाठी माझ्याकडूनही उपास करवले. मोरधन म्हणजे वरई, राजगिरा, शिंगाड्याचा शिरा, रताळी... मी खात सुटले आणि पोट गप्प बसलं. दसऱ्याला पुऱ्या खाल्ल्या आणि पुन्हा अंथरूण धरलं. आई म्हणाली, देवीचा कोप. वहिनी हळूच म्हणाल्या, "कोप नाही आई, गहू आहे तो." डॉक्टरही म्हणाले, बघा बंद करून.

माळव्यात राहून गहू बंद! आमच्या घरात ज्वारी म्हणजे गड्यामाणसांचं अन्न. पण वहिनी ज्वारी-मक्यावरच वाढलेल्या. लोण्याच्या गोळ्यासकट भाकरी, तांदळाची धिरडी, दुधात शिजवलेला भुट्ट्याचा कीस... रविवारी सगळे वरणात कणकेचे बाफले चुरू लागले की मी भोकाड पसरत असे, म्हणून त्यांनी मक्याचे बाफले करून पाहिले. ते वरणात विरघळले. "वा भिया, आज बाफल्याचं सूप!" दादा म्हणाला. वहिनी हसल्या नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी आधी पिठाची उकड काढली आणि बाफले टिकले. आयुष्यात पहिल्यांदा पानावरून उठताना मला भूक नव्हती. त्या सुखाची सर पुढे कुठल्याच पंगतीला आली नाही.

आणि तरी दुखणं उलटलं. आई माझ्या पिठात गुपचूप मूठभर कणीक मिसळत होती. "नुसत्या ज्वारीनं पोरीला ताकद कुठून यायची?" मायेपुढे डॉक्टरांचं काय चालणार! आणि नवी सून सासूला बोलणार तरी काय? दुसऱ्या दिवशी वहिनी न्हाऊन धाबळी नेसल्या, ज्वारीचा डबा उचलून देवघरात ठेवला आणि जाहीर केलं, "माझं व्रत आहे. हे पीठ सोवळ्यातलं. याला कणकेचा हात बिलकुल लागायचा नाही."

सोवळं म्हटल्यावर आईची काय टाप होती! तिनं डब्याला पुन्हा हात लावला नाही, आणि पोर हाताला लागली. एरवी वहिनी सोवळंओवळं फारसं मानत नसत. मोठी झाल्यावर मी विचारलं, ही देवाची फसवणूक नव्हे का? म्हणाल्या, "देवाला समजतं, वन्सं. सासूबाईंना समजलं नसतं." मी आज आहे ती त्या खोट्या व्रतामुळे. हे त्यांना कितीदा सांगितलं, तर म्हणायच्या, "चला, काहीतरीच."

तेराव्याला घरात पुऱ्यांचा घाणा चालला होता. सुधीरची बायको मीना कणीक मळत होती. माझी भाकरी मीच करावी म्हणून देवघरात डब्याकडे गेले, तशी ती मागून ओरडली, "आत्या, रुका जरा!" तिनं कोपरापर्यंत हात धुतले, साडी बदलून आली आणि मगच डबा खाली घेतला.

"मी नसतानाही असंच करता?" मी विचारलं.

"हो तर. आपला कुळाचारच आहे ना हा... आईंनी पक्कं सांगून ठेवलंय."

मी "हो, कुळाचारच," म्हटलं, आणि पोटभर जेवले.