आम्ही मोडेमच्या तोंडी लागलो तेव्हा

चार माणसं जमली की कुणी शाळेतले किस्से काढतं, कुणी लग्नातले. माझ्याकडं मोडेमचे आहेत. काढायचे नसतात, पण एक निघाला की त्याची शेपटी धरून दुसरा येतो. सांगता सांगता शेवटी मीच गप होते, म्हणून घरचे आता विषयच काढू देत नाहीत!

धाराशिवच्या पाट्यांवर उस्मानाबाद लिहिलेलं होतं, तेव्हाची गोष्ट. पाऊस मोजणाऱ्या एका खाजगी कंपनीच्या ऑफिसात आम्ही तिघं. आमचे स्वामी सर, वायरींचं बघणारे शेखभाई आणि कॉम्प्युटरवर मी. गावोगावी पर्जन्यमापक, त्याला मोडेम, मोडेमला फोनची लाइन. आमच्या मोडेमनं तिकडच्या मोडेमला फोन लावून पावसाचे आकडे आणायचे, एवढंच काम. मोडेमला काही सांगायचं तर आधी 'एटी' टाइप करायचं. म्हणजे 'लक्ष दे'. पुढं हुकूम.

लक्ष दिलं तर शपथ!

*

एकदा सरांनी माहितीपुस्तकात बघून कसलासा हुकूम दिला, आणि त्यानंतर टाइप केलेलं एकही अक्षर स्क्रीनवर दिसेना. सरांनी कीबोर्ड बदलला. मॉनिटर बदलला. शेवटी वैतागून त्यांनी आधी 'एटी' लावून मोडेमला तालुक्याच्या भाषेत एक सणसणीत शिवी टाइप केली.

स्क्रीनवर उत्तर आलं: 'एरर'.

हुकूम होता, 'मी बोललेलं मला परत दाखवू नकोस.' तो त्यानं मन लावून पाळला होता. बहिरा नव्हताच, सगळं ऐकत होता!

"सगळं?" सरांनी विचारलं.

"होय सर."

सर त्या दिवशी जेवले नाहीत.

*

तामलवाडीचा मोडेम तेवढा उलटा, स्वतःच आम्हाला फोन लावायचा; पण तिथल्या लाइनचा डायलटोन इतका बारीक, की मोडेम तो ऐकूनच घेईना. 'नो डायलटोन' म्हणायचा आणि हात वर करायचा. सरांनी जाऊन त्याला शिकवलं: एटी एक्स थ्री. टोनची वाट बघू नको, सरळ नंबर फिरव.

झकास! आठवडाभर आम्ही वाट बघत होतो, तिकडचा मोडेम इमानदारीत नंबर फिरवत होता. आकडा काही येईना. शेवटी शेखभाई जाऊन बघतात तर उसाच्या ट्रॉलीनं वायर कधीच तोडून नेलेली. तुटक्या वायरीत बिचारा नंबर फिरवतोय!

सर भडकले. "टोन नाही, हे त्यानं सांगायला नको?"

शेखभाई शांतपणे म्हणाले, "साब, तुमीच तर बोले ना उसकू, टोन का रस्ता मत देख."

*

पुण्याहून हेड ऑफिसचे साहेब तपासणीला आले, नेमकी त्या दिवशी लाइन मेलेली. सरांचा चेहरा पांढराफटक. ऑफिस बंद करायचं की ठेवायचं, हे साहेबांच्या मतावर होतं.

"लावा बघू अणदूरला," साहेब खुर्ची ओढत म्हणाले.

मी हुकूम टाइप केला. कपाटामागून आवाज आला: "कींऽऽ... खर्रर्र... टिंग टिंग... खर्रर्रऽऽ!"

साहेब डोळे मिटून ऐकत राहिले. मग उठले, पाणी प्यायले, सरांच्या पाठीवर थाप मारली. दारातून वळून म्हणाले, "सगळं छान आहे. तेवढं तुमच्या मोडेमला सर्दीचं औषध द्या."

ऑफिस राहिलं. शेखभाईंचा घसा मात्र दोन दिवस बसला होता.

*

जोडणी झाल्यावर मध्येच मोडेमला हुकूम द्यायचा तर क्षणभर थांबायचं, तीन वेळा अधिकचं चिन्ह दाबायचं, परत क्षणभर थांबायचं. सरांना थांबणं कधी जमलंच नाही. त्यांची अधिकं हुकूम न होता आकड्यांतच जाऊन बसायची.

त्या वर्षी परंड्याकडं, सोनारीच्या भागात, थेंब नव्हता. टँकर सुरू झालेले. आणि हेड ऑफिसचा फोन आला, "सोनारीच्या पावसापुढं अधिक अधिक अधिक आलंय. अतिवृष्टी झाली काय?"

सरांनी रिसीव्हरवर हात ठेवून आमच्याकडं बघितलं.

शेखभाई हळूच म्हणाले, "हौ बोलो ना साब. कागद पे तो गिरने दो."

*

आणि मग सोनारीचे नागनाथ आप्पा.

पर्जन्यमापक त्यांच्या अंगणात, आणि मोडेम त्यांच्याच घरच्या फोनवर. आप्पा एकटे. मुलगी सुमन मनाविरुद्ध लग्न करून पुण्याला गेलेली, तेव्हापासून येणंजाणं बंद. मी दुरुस्तीला गेले, तेव्हा चहा देताना म्हणाले, "सुमी रोज फोन लावती बगा. एकदा टर्रर्र वाजतो आन् गप व्हतो. म्या उठून जाईस्तोवर तिचं मन बदलतंय."

मी कप खाली ठेवला.

पहिल्या रिंगला मोडेमनंच फोन उचलायचा, असं कंपनीनं त्याला सांगून ठेवलं होतं. रोजची ती एक रिंग आमच्या ऑफिसची होती. आणि सुमननं खरंच कधी लावला असेल, तर तिच्या कानात नुसती मशीनची किंकाळी गेली असणार.

आप्पांना हे कसं सांगायचं, मला कळेना. सोबतचा लॅपटॉप मोडेमला जोडला. टाइप केलं: तू उचलू नकोस.

'ओके.'

"आप्पा, आता फोन पुरता वाजेल. तुम्हीच उचला."

आप्पांनी धोतराला हात पुसले आणि फोनजवळ पाट ओढून बसले.

थोड्या वेळानं फोन वाजला. वाजतच राहिला. ऑफिसचा कॉम्प्युटर रोजच्या वेळेला आपोआप फोन लावायचा, तीच वेळ. "आप्पा, थांबा," म्हणेपर्यंत त्यांनी उचलला.

"हॅलो?"

मलाही ऐकू येत होतं. फोन लावणारा मोडेम समोरच्याची वाट बघताना थांबून थांबून एक बारीक सूर काढतो. ऊंऽ... ऊंऽ... ऊंऽ...

आप्पांनी रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"रडू नगं, सुमे," ते म्हणाले. "म्या हाय की हितं."