चंद्राबाईची उलटी शिकवणी

लोधिवलीत भातलावणीला आम्हा बायकांची ओळ चंद्राबाई चालवायची. तोंडाने फटकळ, हाताने झपाझप, आणि एकदा डोक्यात घेतलं की ब्रह्मदेव आला तरी ऐकायची नाही. पुढे चौकपासून खालापूरपर्यंतची आणखी तीन मंद पोरं तिने आपल्या हाताने नेसती-खाती केली. पण पहिली मैना, ही गोष्ट चव्वेचाळीस सालची.

मैना सोनाबाईची लेक, चौदा वर्षांची. बोलणं नाही, अंगावरचं लुगडंसुद्धा आईने नेसवायचं. गाव तिला खुळी म्हणायचं. मीही म्हणायचे, खोटं कशाला बोलू? लावणीच्या दिवसांत सोनाबाई तिला कमरेत दोरी घालून घरातल्या खांबाला बांधून यायची. चंद्राबाई म्हणाली, हिला ओळीत घेऊ. बायका उसळल्या, "चिखलाच्या हातानं हिचं लुगडं कोन खोचनार गं?"

"तिचं तिनं खोचलं तर?"

"तर घेऊ की!" आम्ही खिदळत म्हणालो.

होळी झाल्यावर शिकवणी सुरू झाली, आणि तीही उलटी! सगळं लुगडं चंद्राबाई नेसवणार, मैनाने फक्त शेवटी कमरेला पदर खोचायचा. "शेवटचा खोच तिचा, म्हंजे लुगडं तिनं नेसलं," असं तिचं म्हणणं. पदर जमायला पंधरा दिवस लागले. मग पदराआधीचा कासोटा, मग त्याआधीच्या निऱ्या. लढाईमुळे कापडाला कंट्रोल होता, लुगडं मिळता मिळत नव्हतं, तरी या बाईने आपलं ठेवणीतलं त्यात झिजवलं. खोच बसला की मैना टाळ्या पिटायची. मला तर बघायची चटकच लागली. चुलीवर कालवण टाकून मी पळायचे आणि सासूच्या शिव्या खायचे.

अडचण एकच, सोनाबाई. पोर जरा अडली की हिचा हात पुढे. "मागं हो गं! मेल्यावर येनार हायस का खोचायला?" चंद्राबाई ओरडायची. सोनाबाई रडायची, पण हात काही आवरायचा नाही.

लावणीच्या पहिल्याच दिवशी मैना आपलं आपण लुगडं नेसून आमच्या ओळीत उभी! आणि मधल्या खाचरात नेमका तिचा कासोटा सुटला. मैना थांबली, ओळ थांबली. आता जमलं नाही, तर उद्यापासून परत खांब.

"कोनी हात लावाल तर याद राखा!" चंद्राबाई गरजली.

सोनाबाई ऐकते कसली? ती धावली, मागून कासोटा धरणार, तोच मैनाने फाडकन तिच्या हातावर चापट मारली.

"मी!"

चौदा वर्षांत तिच्या तोंडून एकही शब्द कुणी ऐकला नव्हता. तिने चिखलाचे हात लुगड्यालाच पुसले, कासोटा मागे ओढून खोचला, पदर खोचला आणि वाकून रोपांची मूठ उचलली. आम्ही आनंदाने चिखलात नाचलो, रोपं तुडवली तरी भान नव्हतं. सोनाबाई मात्र बांधावर जाऊन बसली. लाल झालेला हात वर धरून, हसत, रडत, वाटेने जाणाऱ्या प्रत्येकाला ती सांगत होती, "मारलं हो! माज्या पोरीनं मला मारलं!"