एक डोळा गंगामाईचा

नदीकाठच्या पोलीस चौकीत दोन रिकामी माणसं ठेवली की किस्से आपोआप साठतात. साठवायला लागत नाहीत. आता नातवंडं म्हणतात, "आबा, तुमच्या शौर्याच्या गोष्टी सांगा." शौर्याच्या नाहीत रे बाबांनो, आहेत त्या सांगतो!

निजामाचं राज्य होतं. गेवराईच्या वर, गोदावरीच्या उताराला आमची चौकी. आमच्याकडं गोदावरीला गंगा म्हणतात. पावसाळ्यात गंगा दोन्ही थड्या भरून वाहायची आणि पलीकडं जायला एकच नाव. चोर वाळलेला भोपळा छातीला बांधून पोहत यायचे, मधोमध नाव गाठायचे आणि गाठोडी ओढून प्रवाहासोबत पसार. त्यांच्यापासून नाव राखायची, ही आमची ड्यूटी.

आम्ही म्हणजे जमादार करीमभाई आणि मी. दोघांनाही पोहता येत नव्हतं! मी कड्याकडचा, म्हणजे दुष्काळी मुलखातला. नदीत वाळूशिवाय पाणीही असतं, हे मला गेवराईला आल्यावर कळलं. पण नोकरी सोडायची सोय नव्हती. माझं लग्न ठरलं होतं ते माझ्या कमरेच्या सरकारी पट्ट्याशी. सासऱ्यांनी तोंडावरच सांगितलं होतं, "पट्टा हाय तवर पोरगी तुमची."

*

करीमभाई नावेत बसले की आधी स्वतःचा पटका सोडायचे, कमरेला गुंडाळायचे आणि दुसरं टोक नावेच्या फळीला करकचून बांधायचे. मग बंदूक मांडीवर घेऊन मिशीला पीळ.

एकदा तलवाड्याच्या कापडवाल्या शेटजींनी विचारलं, "जमादार, चोर आले तर तुमी काय करनार?"

"करनार की! पहले ये गाठ सोडा, फिर देखो!"

*

सोपान नावाडी मधोमध आला की वल्हं उचलायचा. सगळ्यांनी डोळे मिटून गंगामाईला हात जोडायचे, नारळ सोडायचा, मग पुढं. चोरांना हे पाठ! त्याच शेटजींचं गाठोडं अशाच वेळी गेलं.

काठावर उतरल्यावर करीमभाई माझ्यावर उखडले. "मेरे डोळे मिटलेले थे, ठीक आहे. तू किधर देखता था बे?"

"मी बी मिटलेते."

"कावून?"

"पवता येत न्हाई ना! सगळ्यायपेक्षा जास्त मीच मिटलेते."

ही गोष्ट अमीनसाहेबांच्या कानावर गेली. अमीन म्हणजे आमचे फौजदार. त्यांनी हुकूम काढला, ड्यूटीवर डोळे मिटायचे नाहीत. सोपान अडून बसला. "गंगामाईला डोळे न मिटनारा मानूस माज्या नावंत न्हाई. उद्या नाव बुडाली मंजे?"

शेवटी तोड निघाली. एक डोळा गंगामाईचा, एक डोळा सरकारचा! तेव्हापासून मी नावेत एक डोळा मिटून हात जोडायचो. एका म्हातारीनं मला विचारलं, "लेकरा, माज्या ह्या वयात मला डोळा मारतो व्हय रे?"

*

अमीनसाहेब हैदराबादेत शिकलेले. साधा चोर त्यांना चोर वाटायचाच नाही. त्यांनी रिपोर्टात लिहिलं, 'बहरी कज्जाक'. म्हणजे दर्यावरचे लुटारू! आम्हालाही बरं वाटलं. नाही तरी भोपळ्यावाल्यांनी लुटलं म्हणण्यापेक्षा ते शोभून दिसत होतं.

महिन्यानं वरून विचारणा आली, "बीड जिल्ह्यात समुद्र केव्हापासून आहे?"

*

एकदा सकाळी मी काठावर दात घासत होतो. पाहतो तर भोपळा तरंगत येतोय! मी बंदूक उचलली आणि बार काढला. भोपळ्यामागून आवाज आला, "अबे ओ, मैं हूँ!"

करीमभाई गुपचूप पोहायला शिकत होते.

माझा नेम चुकला म्हणून वाचले. पुढं जो भेटेल त्याला सांगायचे, "ये पोरगा अच्छा सिपाही होता, तो मेरी बीवी बेवा हो जाती!"

*

मग पंचमी आली. नव्या नवऱ्या अंगभर दागिने घालून माहेरी निघायच्या, म्हणजे चोरांची सुगी. अमीनसाहेबांनी आम्हाला उभं केलं. "अब एक भी नाव लुटी, तर दोघांचे पट्टे उतरवीन."

मला सासरे दिसायला लागले.

युक्तीही अमीनसाहेबांचीच. खोटी नवरी नावेत बसवायची, चोर आला की झडप घालायची. वयानं मी लहान, म्हणून माझी मिशी गेली. सोपानच्या बायकोचं लुगडं, पितळेचे दागिने, पुढ्यात पेटी. करीमभाई नेहमीसारखे फळीला बांधलेले. अमीनसाहेब पलीकडच्या काठावर उभे.

मधोमध सोपाननं वल्हं उचललं. मी पदराआडून सरकारचा डोळा उघडा ठेवला. भोपळा आला. नावेच्या काठावर एक हात आला. तो पेटीवर पडला. मी ओरडलो, "धरला!" आणि ताडकन उभा राहिलो.

नावेत असं उभं राहत नाहीत, हे पाण्यात पडल्यावर आठवलं.

नऊ वार लुगडं भिजलं की खाली ओढतं. दोनदा नाकातोंडात पाणी गेलं. तेवढ्यात कुणीतरी मानेला धरून वर काढलं. चोरानं पेटी सोडून मला धरलं होतं!

"हालू नको बाई. भोपळ्याला धर."

मला ड्यूटी आठवली. "मी... मी पोलीस हाय!"

तो थांबला. माझ्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"मंग सोडू का?"

"न्हाई, न्हाई! दादा, न्हाई!"

त्यानं मला ओढत काठाला आणलं. पळायची त्याला उसंतच मिळाली नाही, कारण मी त्याचा हात सोडत नव्हतो. अमीनसाहेब पाण्यात धावत आले. नाव शाबूत, पेटी शाबूत, नवरीही शाबूत.

"कौन है ये?"

मी त्याच्याकडं पाहिलं. त्यानं माझ्याकडं पाहिलं. करीमभाई नावेत अजून गाठच सोडत होते.

"देवमाणूस हाय, साहेब," मी म्हणालो. आणि खरं सांगतो, त्या घडीला मला तो तसाच वाटला.

"ऐसा तैरनेवाला आदमी चौकीवर पाहिजे!" म्हणून अमीनसाहेबांनी त्याला तिथंच नोकरीत घेतलं. हरबा त्याचं नाव. आठवड्यात त्याच्याही कमरेला पट्टा आला.

पहिल्या दिवशी आमची ड्यूटी एकाच नावेत. मधोमध सोपाननं वल्हं उचललं. सगळ्यांनी डोळे मिटले. मी हात जोडले आणि सरकारचा डोळा उघडा ठेवून समोर पाहिलं.

हरबानंही हात जोडले होते. त्याचाही एक डोळा उघडा होता.