मागावरचा दिवा आणि मीटरचा काटा

मागावरचा दिवा मंद होतोय, असं नायना पहिल्यांदा म्हणाले तेव्हा मी चक्क खूश झालो. खोटं कशाला बोलू? आमच्या तेलुगू घरात वडिलांना नायना म्हणतात. आयुष्यभर टॉवेल विणलेल्या या माणसाला माझ्याकडून कधी काही लागलं नव्हतं. आता लागलं. ताण्याचा तुटलेला धागा वेळेत दिसला नाही तर कापडात चीर राहते, आणि तसे टॉवेल दोनदा निघाले होते. "अजून एकदा झालं तर घरी बसा," असं कारखानदार सरळ म्हणाला होता. नायना घरी बसले असते तर चार दिवसांत खचले असते.

भवानी पेठेत माझं मिक्सर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना! शेजारचे माग सुरू झाले की व्होल्टेज पडतं, म्हणून दिवा मंद होत असणार. मी दोन ट्रान्झिस्टरचं सर्किट जुळवलं. एक ट्रान्झिस्टर एलईडीला करंट देतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो. व्होल्टेज वरखाली झालं तरी करंट तेवढाच. मीटरचा काटा शंभरावर.

नायना दुकानात बसून बघत होते. दोन्ही ट्रान्झिस्टर हलतायत म्हणून त्यांनी खिशातलं सूत काढलं आणि माझ्याशी बोलता बोलता दोघांना पाठीला पाठ लावून आवळलं. बारीक, घट्ट, विणकरी गाठ. खाली बघितलंसुद्धा नाही. मला केवढं कौतुक वाटलं!

आठवड्यानं तक्रार आली. "कमी झाला की रे उजेड."

मी मीटर लावला तर खरंच काटा नव्वदीवर. डोकं खाजवलं, मग कळलं. करंट देणारा तापतो, सुतामुळं ती धग लक्ष ठेवणाऱ्याला लागते आणि तो उगाच करंट कमी करतो. त्यात सोलापूरचा मे महिना. "तुमच्या गाठीनं घोटाळा केला," मी हसून म्हणालो. सूत कापलं, दोघांना लांब बसवलं. काटा शंभरावर आला तो हललाच नाही.

चार दिवसांनी पुन्हा तेच. "लई मंद हाय बघ."

रेझिस्टर बदलला. नवा एलईडी घातला. पुन्हा तेच. शेवटी कारखान्यात जाऊन दुपारी तासभर मीटर लावून बसलो. आजूबाजूला सगळे माग धडधडत होते, व्होल्टेज नाचत होतं, काटा ढिम्म. नायना वाकून धागा शोधत होते, आणि म्हणाले, "आतापण कमी झाला, बघ."

माझं टाळकंच सटकलं. मीटर उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. "कुठं कमी झालाय? हा बघा काटा! केसाएवढा तरी हललाय का?"

त्यांनी मान पुढं केली, तिरकी केली. मग बोट मीटरच्या काचेवर टेकवून हळूहळू फिरवायला लागले, गाठ चाचपावी तसं.

"कुटं हाय रे काटा?"

सूत आवळताना ते खाली का बघत नव्हते, ते मला तेव्हा कळलं. पाठीमागचा माग थांबला. कारखानदार आमच्याकडंच बघत होता. मी नायनांचं बोट धरलं आणि शंभरच्या आकड्यावर ठेवलं.

"हितं," मी म्हणालो. "तुमचंच बरोबर हाय. कमी झालाय."