भोंगेवाल्या भाऊंचा आवाज

आमच्या चंद्रपुरात भाऊंनी सांगितल्याशिवाय कोणी मरत नाही. म्हणजे मरतात, पण भाऊंचा ऑटो मोहल्ल्यातून फिरेपर्यंत लोक ते पक्कं धरत नाहीत. चादरींचा सेल लागो, दोन दिवस नळ बंद राहो, कोणाची पांढऱ्या कपाळाची गाय हरवो, की दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत वडशाच्या कंपनीचं नाटक असो, ऑटोवरच्या दोन भोंग्यांतून ती गोष्ट भाऊंच्या आवाजात आली की मगच ती घडली, असं आम्ही सगळे मानत आलो. त्यांचं खरं नाव रेशन कार्डावर असेल. आम्ही त्यांना भोंगेवाले भाऊ म्हणतो आणि त्यांच्या बायकोला भोंगेवाल्या बाई. बाईंवर हा मोठाच अन्याय आहे, कारण त्या बिचाऱ्या दिवसातून दहा शब्द बोलतात. बाकीचे सगळे भाऊ बोलतात.

भाऊ दिसायला इतके बारीक की हा माणूस एवढा आवाज ठेवतो कुठे, असा प्रश्न पडायचा. पण त्या आवाजाची निगा ते अशी राखायचे, जशी कोणी दुभत्या म्हशीची राखत नाही. आमच्या मे महिन्यात, जेव्हा मोहल्ल्यातली कुत्रीसुद्धा कूलर असलेल्या घराच्याच दारात बसतात, तेव्हा भाऊ गळ्याला लोकरीचा मफलर गुंडाळून फिरायचे. चिंच नाही, लोणचं नाही, बर्फाचा गोळा नाही. आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा तर नाहीच. आमच्याकडे खर्रा न खाणारा माणूस एक तर आजारी असतो किंवा भाऊ असतो. खिशात ज्येष्ठमधाच्या काड्या. एखाद्या लग्नात आग्रह झालाच, तर जिलेबीकडे असे बघायचे जसं काही तिनं त्यांच्यावर केस टाकली आहे, आणि म्हणायचे, "नोको जी. उद्या दोन सेल आहेत अन् एक मयत."

भाऊंना मराठी दोन यायच्या. माईकचं बटण दाबलं की एक आणि बटण सोडलं की दुसरी. दाबलं की, "तमाम नागरिक बंधू आणि भगिनींना विनम्रपणे सूचित करण्यात येते की," आणि सोडलं की, "अबे, त्या म्हशीले सरकव ना ऑटोसमोरून, काऊन पाहून राह्यला?" एकदा बटण सोडायचं राहिलं. साड्यांच्या सेलची घोषणा चालू असताना रस्त्याच्या कडेला पिशवी घेतलेल्या बाई दिसल्या, आणि साऱ्या बाजारानं ऐकलं, "वांगे घेऊ नोको व, रात्रभर पोट फुगते माह्यं." त्या दिवशी सेलला गर्दी कमी झाली, पण वांगेवाला आठ दिवस भाऊंशी बोलला नाही. मयतीची गोष्ट मात्र वेगळी. तेव्हा ते आवाज दोन पट्ट्या खाली आणायचे आणि मयताचं घर जवळ आलं की ऑटोचं इंजिन बंद करून उतरून ढकलायचे. मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "त्याच्या दारातून फटफट करत काऊन जाऊ गा? गेला बिचारा."

आता थोडं माझं सांगावं लागतं, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. मला नकला करता येतात. मास्तर झाले, बसचा कंडक्टर झाला, घरात बाबा झाले, आणि मग अर्थातच भाऊ झाले. एका उन्हाळ्यात मामेभावाचा स्पीकर हाती लागला. मी स्लॅबवर चढून भाऊंच्या आवाजात जाहीर केलं की चार वाजता टँकर येईल, पण पाणी फक्त निळ्या बकेटीत देण्यात येईल. चार वाजता गल्लीच्या तोंडाशी सत्तावीस निळ्या बकेटी रांगेत होत्या, आणि एका बाईनं हिरव्या बकेटीला निळा पेंट मारून आणला होता, तो अजून ओला होता. माझ्या आईनं मला झाडूनं मारलं. संध्याकाळी भाऊ आमच्या ओट्यावर आले. आईला वाटलं, आता भांडण. भाऊंनी मला समोर बसवून ती पूर्ण घोषणा पुन्हा म्हणायला लावली आणि डोकं हलवत म्हणाले, "'सूचित' म्हणताना तू घाई करून राह्यला. तो 'सू' जरा लांबव." त्यानंतर मी काय थांबतो? महिन्यात दोनदा तरी भाऊ होऊन काही ना काही उडवून द्यायचो, आणि आवाज आला की लोक आधी आमच्या स्लॅबकडे बघायला लागले.

मग तो ऑगस्ट आला. पाच दिवस पाऊस थांबला नव्हता. सहाव्या दिवशी दुपारी आम्ही जेवत असताना रस्त्यावरून भाऊंचा आवाज आला. धरणाचे दरवाजे उघडण्यात येत आहेत, इरई नदीची पातळी वाढणार आहे, नदीकाठच्या नागरिकांनी तात्काळ सुरक्षित स्थळी जावे. आमची गल्ली अरुंद, तिच्यात ऑटो शिरत नाही, म्हणून भाऊ कोणाला दिसले नाहीत. नुसता आवाज. समोरच्या घरातून एक जण ओरडला, "वा बे पोट्ट्या, आज तर एकदम भाऊच." दोनचार खिडक्यांतून हसू आलं. कोणीतरी निळी बकेट वाजवली. मला माहीत होतं की हे मी नाही, हे भाऊच आहेत. आणि तरीही मी हातातला घास तसाच ठेवून दारात गेलो आणि वाकून नमस्कार केला. एवढंच केलं मी. टाळी कोणाच्याही नावाची असो, मिळाली की घ्यायची, ही माझी खोड. आणि असे इशारे दर पावसाळ्यात येतात, जातात, असंही वाटलं. गल्ली खिडक्या लावून परत जेवायला बसली.

गल्लीतून कोणी बाहेर येईना, म्हणून अर्ध्या तासानं भाऊ ऑटो रस्त्यावर सोडून पायी आत आले. बटण नाही, भोंगा नाही, मफलर कुठे पडला तेही माहीत नाही. छातीवरचा शर्ट भिजून चिकटलेला, आणि दारादारावर हात मारत ते आपल्या साध्या बोलीत ओरडत होते, "बाई, पोट्टे उचला जी. पानी येऊन राह्यलं. मी सांगून राह्यलो, मी." मी धावत बाहेर आलो आणि त्यांच्यामागे प्रत्येक दारात सांगायला लागलो की खरं आहे, मघाशी मी नव्हतो. माझं मात्र कोणालाच पटेना. भाऊंना प्रत्येक घरातल्या माणसाला तोंड दाखवावं लागलं, तेव्हा कुठे घरं हलली. पन्नास घरं, वरून पाऊस, आणि ते प्रत्येक दारी तेवढ्याच जोरानं. शेवटच्या दोन घरांतली माणसं कमरेइतक्या पाण्यातून काढली. माणूस एकही गेला नाही. पण सामान हलवायला जो वेळ मिळायचा होता, तो माझ्या नमस्कारात गेला. रस्त्यावर उभा ऑटो मशीनसकट पाण्याखाली गेला. आणि टेकडीवरच्या शाळेत सगळे मोजून झाल्यावर भाऊ काहीतरी बोलायला गेले, तर तोंडातून नुसती हवा निघाली.

दोन दिवसांनी पाणी उतरलं, पण अर्धी नदी घरातच राहिली. पोटरीइतका काळा गाळ, आणि त्याला असा वास की नाक काढून खुंटीला टांगावं. आमचा फ्रिज पाठीवर पडून छताकडे बघत होता. समोरच्यांचा कूलर तिसऱ्या घराच्या टिनावर जाऊन बसला होता. कोठीतले तांदूळ फुगून कोठी फुटली होती, गाद्या उचलायला चारचार माणसं लागत होती, आणि माझ्या पुस्तकांच्या कपाटात एक जिवंत मासा निघाला, ज्यानं त्या पुस्तकांचा माझ्यापेक्षा जास्त उपयोग केला असेल. भाऊंच्या घरात तर भिंतीही ढासळल्या होत्या. पण भाऊ फावडं घेऊन दुसऱ्यांच्याच घरात. डॉक्टरांनी सांगितलं होतं की महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंही नाही, आणि एवढं करूनही आवाज परत येईलच असं नाही. बाईंनी गाळातून कोणाच्या तरी पोराची पाटी शोधून दिली. भाऊ तिच्यावर लिहायचे, "सूचना : टोपली द्या. पुन्हा एकदा सूचना : टोपली द्या." आणि गंमत म्हणजे लोक ती पाटी मोठ्यानं वाचायचे, आणि वाचताना आपोआप भाऊंच्या चालीत वाचायचे. सगळे हसायचे. मला हसू यायचं नाही. ज्याचं सारं दुकान त्याच्या गळ्यात होतं, त्याचा गळा माझ्यामुळे बसला होता, आणि मी त्यांना तसं बोललो नव्हतो.

चौथ्या दिवशी पोरांना उलट्या सुरू झाल्या. गल्लीतल्या विहिरीत गाळाचं पाणी मिसळलं होतं. टँकर रस्त्यावर उभा राहायचा, पण विहीर दाराशी आणि पाणी वरून नितळ दिसायचं, म्हणून बाया तिथंच दोर टाकायच्या. पालिकेच्या माणसानं एका गाडीवर रेकॉर्ड केलेली घोषणा लावून फिरवली. बोलणारी बाई फार छान बोलत होती. तिची मराठी इतकी स्वच्छ होती की ती आपल्यासाठी असेल असं कोणाला वाटलंच नाही.

संध्याकाळी भाऊ आमच्याकडे आले आणि पाटी माझ्यासमोर धरली. "उद्या विहिरीचे तू बोल. माझ्या आवाजात." मी म्हटलं, भाऊ, माझ्यावर कोण विश्वास ठेवील, आणि मग थांबता आलंच नाही. त्या दुपारी लोक हसले, मी दारात गेलो, नमस्कार केला, सगळं सांगून टाकलं. भाऊंनी पाटी पुसली आणि लिहिलं, "समोरच्या घरच्याने मला आधीच सांगितले होते." ते मी वाचेपर्यंत धरलं, शर्टाच्या बाहीनं पुसलं, आणि खाली लिहिलं, "सकाळी आठ."

सकाळी दुसऱ्याचा ऑटो, दुसऱ्याचं मशीन. मी माईक घेऊन बसलो, बाजूला भाऊ. मी बोलायचो आणि ते ओठ हलवायचे, पुढे झुकून, हात उंचावून. शब्द चुकला की मांडीला चिमटा. पहिल्या गल्लीत लोक बाहेर आले खरे, पण कपाळाला आठ्या घालून, एकदा माझ्याकडे बघत, एकदा भाऊंकडे. दुसऱ्या वळणावर जिला सारा मोहल्ला बुढी म्हणतो ती म्हातारी विहिरीवरून पाण्यानं भरलेला पितळी गुंड कमरेवर घेऊन आली आणि ऑटोपुढेच उभी राहिली.

"हा कोन बोलून राह्यला? भाऊ, का हा नकल्या?" ती म्हणाली. "खरं सांगा जी. मागच्या खेपी मी ऐकलं, अन् हसत घरातच बसली. माही शेळी गेली. दावं नाई सोडलं मी."

मागे लोक जमले होते. मी भाऊंच्या आवाजात काहीतरी म्हणू शकलो असतो. म्हणजे जमलं असतं. मी बटण सोडलं. "मी बोलून राह्यलो, बुढे. आवाज माह्या आहे. पन गोष्ट भाऊंची आहे. त्या दिवशीबी त्यायचीच होती."

बुढीनं भाऊंकडे पाहिलं. भाऊ खाली उतरले, तिच्या कमरेवरचा गुंड दोन्ही हातांनी उतरवून घेतला आणि सगळं पाणी रस्त्याच्या कडेला हळूहळू ओतलं. मग तो रिकामा गुंड घेऊन टँकरच्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले. एवढंच. थोड्या वेळानं बुढीच आमच्या ऑटोपुढे चालायला लागली. प्रत्येक दारात थांबून आत तोंड घालून सांगायची, "खरं आहे व. विहिरीचं नोको पिऊ." दुपारपर्यंत कोणीतरी विहिरीवर जुना दरवाजा टाकून वर दगड ठेवले.

मोहल्ला मग धुतला गेला, पुसला गेला, भिंतींना चुना लागला. भाऊंच्या भिंती गल्लीनं मिळून उभ्या केल्या. महिना झाला, डॉक्टरांनी बोला म्हटलं, भाऊ बोलले. आवाज आला, पण तो आवाज नाही. कागदावर पेन्सिल घासावी तसा, मशीन कितीही वाढवा, फक्त खरखर वाढायची. आता छोट्या घोषणा ते करतात, लांबच्या मी करतो, आणि मयत असली की आम्ही दोघं मिळून ऑटो ढकलतो. यावरून त्यांनी मला एकही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

परवा रविवारी ओट्यावर येऊन बसले. चहा झाला. मग त्या खरखरीत आवाजात, इकडेतिकडे बघत, म्हणाले, "जरा बोल ना गा. माह्यासारखा. पयलेसारखा."

काय बोलू, मी विचारलं. ते म्हणाले, कायबी.

मी घसा साफ केला. 'सू' लांबवला. तमाम नागरिक बंधू आणि भगिनींना विनम्रपणे सूचित करण्यात येते की आज आपल्या मोहल्ल्यात विशेष काहीही घडलेले नाही. नळाला पाणी आलेले आहे. सर्व नागरिक आपापल्या घरी आहेत. इरई नदी आपल्या जागी आहे.

भाऊ डोळे मिटून ऐकत होते. मग म्हणाले, "येवढा चांगला होता का गा?"

"याच्याहून चांगला होता, भाऊ," मी म्हटलं. "मले एवढाच येते."