जपानकाकाची राहिलेली टर्म

आमच्या जपानकाकाला बसलेला पाहिल्याचं गावात कुणाला आठवत नव्हतं. भाकरी हातावर घेऊन तो अंगणात फेऱ्या मारत जेवायचा. कुणाकडे मयताला गेला तरी दाराशी उभाच. आई म्हणायची, "भाऊजी, घडीभर बूड टेकलं तर काय धरती फाटन का?" तो म्हणायचा, "बसलो का मले भेव लागते वहिनी. मंग उठणंच होणार नाई असं वाटते." एवढं बोलेपर्यंत तो फाटकाशी पोचलेला असायचा.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा धाकटा भाऊ. वडनेरला आमची चांगली काळी जमीन होती. आबांनी, माझ्या आजोबांनी, त्याला नागपूरला शेतकी कॉलेजात घातलं, आणि तिथून तो दोन टर्मसाठी जपानला गेला. तिकडची शेती शिकून यायची होती. पहिली टर्म संपत आली आणि इकडे माझे वडील तापानं गेले. आबांनी तार केली. काका आला तो आलाच. मी तेव्हा सात वर्षांची होते. विधवा वहिनी, पुतणी आणि सगळं शेत त्याच्या गळ्यात पडलं. लग्न तेवढं त्यानं पडू दिलं नाही. स्थळ सांगून आलं की म्हणायचा, "थांबा, अजून एक टर्म राह्यली." घराची कौलं बदलायची निघाली तरी तेच, "एक टर्म राह्यली ना माही." पाहुणे हसायचे. आबा हसायचे नाहीत.

त्याचं दुसरं पालुपद म्हणजे 'तिकडे'. "तिकडे मास्तर गुडघाभर चिखलात उतरून धान लावते, पोरं त्याच्या मांगं. अन् आपला पटवारी पाहा, बांधावरून खाली पाय ठेवत नाई." त्यानं एकदा दोरी ताणून, वीत मोजून मिरची लावली, तेव्हा अर्धं गाव बघायला जमलं होतं. मिरची झकास आली, पण तोडणीला हा कुठे होता? बी आणायला म्हणून चिखलीच्या बाजारात गेला. तिथं कुणीतरी डोणगावच्या एका विहिरीवर नवा पंप बसवल्याचं सांगितलं, की हा निघाला डोणगावला. पाचव्या दिवशी परत. तोवर मिरची झाडावर वाळली. कापसाचंही दोनदा असंच झालं. आबांचं वय झालेलं, शेतात उभं राहायला दुसरं माणूस नाही. ते नुसते धुमसत राहायचे.

मी मामाकडे खामगावला राहून मॅट्रिक झाले आणि नागपूरच्या कॉलेजचा हट्ट धरला, तेव्हा तो धूर बाहेर पडला. आबा म्हणाले, "शिकायले एक बाहीर धाडला, त्याची काय गत झाली ते पाहून राह्यलो मी. आता हिले नाई धाडत. मार्गशीर्षात लग्न करून टाकू." काका अंगणात येरझाऱ्या घालत होता. जागीच थांबून म्हणाला, "मी सुधरलो तं?"

आबांनी तिथल्या तिथं अट घातली. "सालभर शिवेच्या आत राह्यला तर पोरगी नागपुरात राहीन. ज्या दिवशी शीव वलांडशीन, त्या दिवशी पोरगी घरी."

काका म्हणाला, "हाव."

नांदुऱ्याच्या स्टेशनवर जायला निघाले तेव्हा तो बैलगाडीबरोबर शिवेच्या दगडापर्यंत चालत आला आणि तिथं थांबला. मी मागं वळून पाहत राहिले. दावणीला बांधलेल्या खोंडासारखे त्याचे पाय जागच्या जागी हलत होते.

नागपुरात दर आठवड्याला त्याचं कार्ड यायचं. निंदण झालं, बोंडं धरली, आणि शेवटी ठरलेलं: 'मी अठीच आहो.' तो इथंच आहे हे वाचेपर्यंत माझ्या जिवात जीव नसायचा. एखादं कार्ड उशिरा आलं की वाटायचं, गेला. आता आबांचा माणूस येणार मला न्यायला.

भाद्रपदात काकाच्या जुन्या प्रोफेसरांनी आडनावावरून माझा पत्ता काढला आणि मला बोलावलं. म्हणाले, "तिकडे पुन्हा दोघांना पाठवतो आहोत. तुझ्या काकाची राहिलेली टर्म पुरी होईल. दसऱ्याआत ये म्हणावं. आजच लिही."

मी कार्ड घेतलं. तीनदा लिहिलं आणि तीनदा फाडलं. मला पक्कं ठाऊक होतं, हे वाचून तो चपला घालायलाही थांबणार नाही, आणि मार्गशीर्षात मी बोहल्यावर उभी. मला घाबरट म्हणा, स्वार्थी म्हणा, मी स्वतःला रोज म्हणतच होते. दसरा येऊन गेला. मी लिहिलं नाही.

दिवाळीला घरी आले तर काका शिवेच्या दगडाशी उभा, गावाकडच्या अंगाला. मी गाडीतून उतरले आणि गावात पाऊल टाकण्याआधीच त्याला सगळं सांगून टाकलं. तो ऐकत होता आणि दोन पावलं इकडे, दोन पावलं तिकडे करत होता.

"दसरा झाला ना?" त्यानं विचारलं.

"झाला."

मग काका खाली बसला. तिथंच धुळीत, जपानी लोकांसारखे गुडघे दुमडून. गाडीवानानं बैल धरून ठेवले. त्यानंही काकाला असं कधी पाहिलं नव्हतं. काका म्हणाला, "बरं केलं तू. कार्ड आलं असतं तं मी थांबलो नसतो पोरी. तुले आबानं घरी आणलं असतं, तरी थांबलो नसतो. जाय, तुही माय वाट पाहून राह्यली." स्वतः मात्र उठला नाही.

मी कॉलेज पुरं केलं. पुढं लढाई लागली आणि तिकडची बोटच बंद झाली. काका पाटावर बसून जेवू लागला, संध्याकाळी ओट्यावर बसू लागला. आबा येईल त्याला सांगायचे, "सुधरला आमचा पोरगा." 'एक टर्म राह्यली' हे मी त्याच्या तोंडून पुन्हा ऐकलं नाही. त्याला स्थळं येत राहिली, तो नुसती नकाराची मान हलवायचा.

सुटीत घरी गेले की माझाच पाय घरात ठरत नसे. एकदा मी चुलीपाशी उभ्या उभ्याच भाकरी खात होते. आई म्हणाली, "तू घडीभर बूड टेकशीन का नाई?" काका पाटावर होता. त्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं आणि शेजारची जागा हातानं झटकून दिली.

मी काही बसले नाही.